माझा रूममेट आणि अँडीजमधली चेरी

झाडावर जीव ओवाळून टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण एकदाही न पाहिलेल्या झाडावर जीव ओवाळून टाकणारा माझा रूममेट एकटाच. २००३ साली मिशिगनमध्ये मी गाड्यांच्या ब्रेकवर पीएचडी करत होतो आणि हा नागपूरचा गृहस्थ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या जंगलात वाढणाऱ्या एका रानटी चेरीवर. तिच्याबद्दल तो असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं लग्न ठरलंय. तिच्या वाळवलेल्या फांद्या तिकडच्या वर्तमानपत्रांत गुंडाळून त्याच्या लॅबमध्ये यायच्या. फांद्या बघून झाल्या की हा पठ्ठ्या ती वर्तमानपत्रं वाचत बसे. स्पॅनिश तो त्यातूनच शिकला, त्यामुळे मृत्यूच्या बातम्या आणि ट्रॅक्टरची विक्री या दोनच विषयांवर त्याला अस्खलित बोलता येई. आमच्या मेक्सिकन शेजाऱ्याचं त्याने वाढदिवसाला अगदी मनापासून सांत्वन केलं होतं.

एकदा जवळच्याच नोव्हाय गावातल्या एका मराठी मावशींनी आम्हाला जेवायला बोलावलं. हा दारातच थांबला, अंगणातल्या चेरीचं पान तोडून चुरडलं आणि डोळे मिटून हुंगलं. "मावशी, कडू बदामाचा वास! ही माझ्या झाडाची चुलत बहीण." मावशींची मुलगी ओरडली, "मॉम, ही इज स्मेलिंग अवर ट्री!" मावशी म्हणाल्या, "आत ये बाबा, पोळ्या गार होतायत." पण पोळीआधी सगळ्यांना, अगदी काकांनाही, ते पान हुंगावंच लागलं.

मग त्याच्या प्रोफेसरांनी विचारलं, अँडीजला टीम चाललीय, येतोस का? याचा व्हिसा संपलेला. इथे राहून शिकायला हरकत नव्हती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा स्टॅम्प हवा, आणि त्या दिवसांत तो महिनोन्‌महिने अडकायचा. मी म्हटलं, "यार, वर्षभरात थीसिस संपेल. फांद्यांवर भागतंय ना? ट्रिप कॅन्सल कर."

"मुलगी न बघता लग्न लावतोस काय माझं?" तो म्हणाला आणि गेला.

व्हायचं तेच झालं. स्टॅम्प मिळाला नाही आणि तो तिकडूनच परस्पर नागपूरला गेला. मी त्याचं सामान खोक्यांत भरत असताना त्याचा फोन आला. मी चिडूनच विचारलं, "पीएचडीचं काय आता?"

त्याला ते ऐकूच गेलं नसावं. "अरे, ते झाड फार उंच आहे रे," तो म्हणाला. "लॅबमध्ये मला वीतभर फांदीच माहीत. तिथे मान वर केली तर शेंडाच दिसेना!"

त्याच्या खोलीत नवा मुलगा आला, शहाणा, वेळेवर थीसिस देणारा. आमचं कधी भांडण झालं नाही, आणि कुणाला सांगावं असंही त्या घरात पुन्हा काही घडलं नाही.