बहिणीची लावणी आणि आमचे सत्कार

माझी धाकटी बहीण वाशीमच्या सौंदर्य स्पर्धेत पहिली आली, तेव्हा तिचा मुकुट पाहायला आमच्या गावच्या, अनसिंगमधल्या बाया घरी येऊन गेल्या. मग ती स्टेजवर लावणी करू लागली. काही वर्षं नवरात्रात तिला जेवायला फुरसत नसे. पुढे मोबाइलवर नाचणाऱ्या कोवळ्या पोरी आल्या आणि तिला बोलावणी येईनाशी झाली. वय जेमतेम तिशीचं.

गेल्या वर्षी आमच्याच गावच्या मंडळाने तिचा कार्यक्रम ठेवला. अकोल्याचा एक ठेकेदार पाहायला येणार होता. पसंत पडली तर सगळा हंगाम काम देणार होता. निवेदक मी. गावात माइक माझ्याशिवाय कुणी धरत नाही, ही माझीच हौस.

कार्यक्रमाआधी सत्कार, ही आमच्याकडची रीत. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, मंडपवाला झाला. एकाला शाल दिली की त्याचा चुलतभाऊ पुढच्या रांगेत घसा खाकरायचा. नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. बहीण घुंगरू बांधून पडद्याआडून खुणावत होती. मी मान हलवायचो आणि पुढचं नाव पुकारायचो. शाली संपल्या तेव्हा वाटलं, सुटलो. तर मंडळाच्या लोकांनी आधी दिलेल्याच शाली परत मागून गोळा करून आणल्या.

शेवटी ठेकेदार उठला. जाताना म्हणाला, "सर, आवाज लय दमदार हाय तुमचा."

बहीण स्टेजवर आली आणि पहिली लावणी अर्ध्यात असतानाच पोलिसांनी स्पीकर बंद करायला लावला. दहा वाजले होते.

घरी जाताना ती म्हणाली, "मंडपवाल्याले शाल देली, त्याच्या साळ्याले देली. मंग मले कायले बोलावलं होतं?"

"लोकं रुसतात न, बाई."

"अन् मी रुसत नाही. असंच न, दादा?"

मंडळाचा राग आला, गावाचा आला. पण नावं मीच पुकारत होतो. माइक खाली ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आता ती कारंज्याला नवऱ्या मुलींचा मेकअप करते. स्टेजचं नाव काढत नाही. मी फोन केला की "कामात हावो" म्हणते.

यंदाच्या निवेदनासाठी मंडळाने परत मलाच विचारलंय. मला अजून नाही म्हणता आलेलं नाही.