कमलामावशीला गाडी लागते

गाडीची पारख करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. कुणी इंजिनाला कान लावतो, कुणी टायरला लाथ मारतो. आमच्या कमलामावशीची रीत वेगळी. कुठल्या गाडीत बसून ती कुठे ओकली, यावर गाडीचा दर्जा ठरायचा. रिक्षा म्हणजे वेशीबाहेरचं कुवारबाव. टॅक्सी म्हणजे त्याच्या पुढचं हातखंबा. एसटीची लाल गाडी सगळ्यांत उत्तम, कारण तिच्यातून मावशी एकदा निवळीपर्यंत गेली होती. निवळीच्या पुढेही जग आहे, हे तिने फक्त ऐकलं होतं.

आणि नवरा कोण? काशीरामकाका, एसटीचे कंडक्टर! या माणसाने उभ्या कोकणाची तिकिटं फाडली आणि बायकोला मात्र कधी चिपळूण दाखवता आलं नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

यात खरा घोटाळा झाला तो रेणुकाच्या, म्हणजे मावशीच्या मुलीच्या, साखरपुड्याला. फोटो काढायला सगळे टॅक्सीने निघाले. मावशीच्या शेजारी होणाऱ्या विहीणबाई, नवी मोरपंखी साडी नेसून. हातखंब्याच्या वळणावर ती साडी मोरपंखी राहिली नाही. लग्न मोडलं नाही एवढंच. रेणुका चिपळूणच्या पुढे पोफळीला, पॉवरहाऊसच्या कॉलनीत नांदायला गेली. विहीणबाईंनी मात्र तो प्रसंग सगळ्या कॉलनीला सांगितला. मावशीने शरमेने पोफळीचं नावच टाकलं.

पुढे दोन हजार तीन साली रेणुकाला मुलगी झाली. पोटुशी असताना रेणुकाने प्रवास करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण तिकडेच, चिपळूणला झालं. बारसं पोफळीला ठरलं. मावशीने नातीसाठी दुपटी शिवली, टोपडी शिवली आणि ती पिशवी उशाशी घेऊन बसून राहिली. नात अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती. "मी कशी जाणार रे?" असं तिने मला विचारलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नेमका तेव्हाच तिचा मुलगा केतन मुंबईहून नवी गाडी घेऊन आला. काळी, उंच, सात माणसांची. गल्लीतले सगळे तिला जीप म्हणाले.

"जीप नाय, एसयूव्ही," केतन म्हणाला.

मग त्याने आतला थाट दाखवला. डॅशबोर्डवर लाकडाची नक्षी, जी लाकडाची नव्हती. मागच्यांनाही एसीची भोकं. काचा बटणावर खालीवर. ग्लास ठेवायला खळगे, त्यातल्या एकात काकांनी लगेच चुन्याची डबी ठेवली. सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं आणि ते वर्षभर निघणार नव्हतं. समोर मोगऱ्याच्या अत्तराची बाटली डुलत होती. काकांनी आत बसून सवयीने माणसं मोजली आणि निकाल दिला, "सरकून बसली तर तेरा जातील."

शेजारचा केरू लिंबू-मिरची घेऊन आला. केतन उखडला. "आम्ही असलं काय मानत नाय."

"गाडीला नको, तर लिंबू मला दे," मावशी म्हणाली आणि लिंबू कमरेला खोचलं.

आपण जायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं असणार. केतनने अट घातली, "आई, एक थेंब जरी सांडला ना, तर तिथूनच गाडी परत." पोटच्या पोराने आईला असं बोलावं! एक ठेवून द्यावीशी वाटली, पण गाडी त्याची होती.

बारशाच्या सकाळी आम्ही निघालो. काका पुढे, मावशी मध्ये, आणि मी सगळ्यांत मागे, गुडघे हनुवटीला लावून. सात माणसांत माझ्यासारखी दोन धरणाऱ्या कारखानदाराला मी एकदा तिथे बसवणार आहे. काकांनी टपावर दोन ठोके मारले आणि गाडी सुटली.

हातखंबा गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण बंद काचा, तापलेलं प्लास्टिक आणि वर तो मोगरा. निवळी आली तशी मावशी पिवळी पडली. काकांनी टपावर एकच ठोका मारला. एक म्हणजे थांब, हे केतन पाळण्यातच शिकला होता. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मावशी उतरली, लिंबू हुंगलं, पदर खोचला आणि ओकली नाही. उलट अत्तराची बाटली उपटून तिने माझ्या हातात कोंबली. "ही तू घे. तुझा एसी बंद कर रे केतन. काचा खाली घे. आणि तुम्ही उठा, पुढं मी बसणार."

एवढी मोठी आज्ञा तिने जन्मात कुणाला केली नव्हती. काका चुन्याची डबी उचलून मागे आले.

तिथून पोफळीपर्यंत मावशीचं डोकं खिडकीबाहेर होतं. संगमेश्वर आलं, चिपळूण आलं, प्रत्येक पाटी ती मोठ्याने वाचत होती. पोफळीला उतरली तेव्हा केस उभे, तोंडावर तांबडी धूळ, पण साडीवर डाग नाही.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. एप्रिलच्या उन्हात, अंगात रेनकोट घालून, हातात बादली!

मावशीचं तोंड एवढंसं झालं. विहीणबाईंना मात्र गाडी बघायची होती. "एक फेरी मारू या की!" म्हणत त्यांनी रेनकोट काढून खुंटीला लावला. केतन खूश. माझ्याकडून बाटली घेऊन त्याने परत टांगली, काचा चढवल्या, एसी लावला. भिडेखातर मावशी शेजारी बसली, मी पुन्हा मागे.

कॉलनीच्या दुसऱ्या वळणावर विहीणबाईंचं बोलणं थांबलं. तिसऱ्या वळणावर त्या मावशीच्या मांडीवर ओकल्या.

मावशीने त्यांचं कपाळ धरलं, लिंबू नाकाशी दिलं. "होता असा. लाजायचा नाय. पुढं रस्त्याकडं बघा." तिच्या आवाजात एवढी माया होती की मी मागच्या सीटवर डोळे पुसले. केतन प्लास्टिक पुसत होता.

घरी येऊन विहीणबाईंनी पेटी उघडली आणि मावशीला नेसायला साडी काढून दिली. तीच, मोरपंखी. मग पाळण्यातून नात उचलून त्यांनी स्वतः तिच्या मांडीवर ठेवली. मावशीने बाळाला जरा डोलवलं.

बाळाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि प्यायलेलं सगळं दूध भळकन त्या साडीवर काढलं.

मावशीने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे, आणि आनंदाने ओरडली, "माझ्यावर गेली गो!"