सात नंबरची चौथी हाक

आधीच सांगते, मी भूतप्रेतवाली बाई नाही. आमचं बौद्ध घर. नवस, उतारा, अंगात येणं, यातलं काहीच नाही. त्यात पंचवीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर. कुणी 'बाहेरचं आहे' म्हणत आलं, की मी पहिले थर्मामीटर लावते. तरी हे लिहितेय, कारण डोकं चालेनासं झालंय...

दवाखाना नाचणगावात, पुलगावच्या रस्त्यावर. सुरू केला आमच्या डॉक्टरभाऊंनी. सहा वर्षं इथे खोकला-ताप बघितला, मग परदेशी शिकायला गेले ते थेट अंतराळात! खरंच. यानातले डॉक्टर म्हणून पाच महिने वर राहून आले. गावानं फटाके फोडले. वाटलं, आता तरी माणूस जमिनीवर टिकेल. कुठलं काय! पन्नाशीला डोंगर चढायचं खूळ. दवाखाना आता त्यांची धाकटी बहीण चालवते, आम्ही मॅडम म्हणतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाऊ हिमालयात होते. दोन दिवस फोन नाही. मॅडमचे डोळे सुजलेले, पण ओपीडी सुरू.

आमच्याकडे पेशंटला नंबरचे बिल्ले देतात. नियम भाऊंचाच — तीन हाका मारायच्या, नाही आला तर पुढचा नंबर. चौथी नाही म्हणजे नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. सहा नंबर बाहेर आला. मी ओरडले, "सात नंबर!" कुणी उठेना. तीन हाका झाल्या. आठ नंबरची काकू पदर सावरून उठलीसुद्धा. आणि मी तिला हातानं खाली बसवलं आणि पुन्हा हाक मारली. का — मला आजही माहीत नाही. "सात नंबर! उठा न लवकर!" मग ओरडतच राहिले. घसा बसला, डोळ्यांतून पाणी...

काकू वैतागली. "अवं बाई, नाई आला तो! मले जाऊ दे न आत."

मॅडम धावत बाहेर आल्या. "ताई, काऊन ओरडून राह्यल्या एवढ्या?"

मी पदरानं डोळे पुसले आणि आठ नंबरला आत सोडलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला. भाऊ वाचले होते, पायाची दोन बोटं मात्र गेली.

"उतरताना बर्फात बसलो," ते म्हणाले. "झोप येऊन राह्यली होती. डॉक्टर आहो मी, मले समजत होतं, झोपलो का मेलो. पण उठावंसंच वाटेना. यानात असताना कानात सारखं खालून कोणीतरी बोलत राहे. इथं कोणीच नाई... मंग ताई, तुमचा आवाज आला. सात नंबर! म्हटलं भास आहे, ऑक्सिजन कमी पडला का होतेच. तीन हाका ऐकल्या, बसूनच राह्यलो. पण तुम्ही चौथी मारली! म्हटलं, ताई नियम मोडत नाई, काहीतरी गडबड आहे. पाहाले म्हणून उठलो."

वेळ? त्याच दिवशी, सकाळी अकरा. घड्याळ पाहिलं होतं म्हणे त्यांनी.

सात नंबरचा बिल्ला नंतर बाकाखाली सापडला. मी तो कुणाला दिलाच नव्हता, डब्यातून पडला असेल. मॅडम म्हणतात योगायोग. असेल बाई! भाऊंचा ऑक्सिजन कमी होता, मान्य. पण माझा तर बरोबर होता ना?

यंदा भाऊ पुन्हा निघाले. भेटायला आले तेव्हा हसत म्हणाले, "ताई आहे न इथं. मले कायचं भेव?"

मला असा राग आला! म्हटलं, "भाऊ, मी काही जाणूनबुजून नाई केलं ते. पुन्हा होईनच असं नाई. माझ्या भरवशावर जाऊ नका!"

त्यांचं हसू गेलं. त्यांनी चपलेतल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी तुम्हाले ते सांगालेच नाई पाहिजे होतं, ताई."

परवा ते गेले. काल मॅडम पहिल्यांदाच म्हणाल्या, "ताई, सुट्टी नका घेऊ या महिन्यात." कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला कळत नाही, आणि फार भीती वाटते.