आत्याची राहिलेली जिलबी

रिकाम्या खुर्चीला घाबरणारा मी पुण्यातला बहुधा एकटाच माणूस असेन. भूत म्हणा, झुरळ म्हणा, पाल म्हणा, मला कशाचं काही वाटत नाही. (पालीचं थोडं वाटतं.) पण रिकामी खुर्ची दिसली की पोटात गोळा येतो. आणि त्या वर्षी माझ्याकडे अशा खुर्च्यांचं एक अख्खं हॉटेल होतं!

त्याचं असं झालं, आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आत आले आणि मी बाहेर आलो. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात तिला. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. तेव्हा शालनआत्या मदतीला धावून आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. खडकीला राहते, हॉस्पिटलात मेट्रन होती, आणि तिच्या आवाजाने बेशुद्ध पेशंट उठून बसायचे असं तिच्याच हाताखालच्या नर्स सांगतात. कॉलेजच्या मागच्या रस्त्याला तिचा एक गाळा होता. तो तिने मला हॉटेल काढायला दिला आणि बजावलं, "दिल्या, दिवाळीपर्यंत बघते. गिऱ्हाईक दिसलं तर गाळा तुझा. नाही दिसलं तर शटर खाली, आणि तू आमच्या जावयाच्या कॉल सेंटरात!"

कॉल सेंटर हा प्रकार तेव्हा पुण्यात नवा होता. रात्रभर जागायचं, अमेरिकेतल्या माणसांच्या शिव्या ऐकायच्या आणि नाव विचारलं की ‘स्टीव्ह’ सांगायचं. दिलीपचा स्टीव्ह! मला मराठी फोन आला तरी घाम फुटतो. (आमच्याकडे फोन सुनंदाच उचलते.) रोज रात्री स्वप्नात कुणीतरी इंग्रजीतून ओरडायचं आणि मी "यस आत्या, यस आत्या" करत दचकून जागा व्हायचो.

सुनंदा ही माझी बायको. तिच्या हाताला अशी चव आहे की थालिपीठ तव्यावर असतानाच माणूस बसायला पाट शोधतो. पण कॉलेजची पोरं आमच्या दारावरून जात, आत डोकावत, रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये घाबरलेला मी एवढं बघत, आणि समोरच्या कॅफेत शिरत. तिथे अंधार इतका की आपण काय खातोय ते दिसू नये. गाणी इतकी मोठ्याने की शेजारचा काय बोलतोय ते कळू नये. आणि तरी दारात रांग!

"का जातात गं तिथे?" मी आमच्या प्रज्ञाला विचारलं. लेक बीबीएला होती आणि तरुण मुलं हॉटेलांकडे, म्युझिक फेस्टिवलकडे का ओढली जातात, असला काहीतरी तिचा प्रोजेक्टच चालला होता.

"सिंपल आहे, बाबा. गर्दी असते म्हणून जातात."

"आणि गर्दी का असते?"

"ते जातात म्हणून."

"मग सगळ्यात आधी कोण जातो?"

"तेच तर कुणाला माहीत नाहीये ना!"

याच शिक्षणासाठी मी फी भरत होतो.

दिवाळी तोंडावर आली आणि आत्याचा फोन आला. (सुनंदाने उचलला.) शनिवारी संध्याकाळी हॉटेल बघायला येते म्हणाली. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं. प्रज्ञा मात्र उडालीच. "बाबा, त्याच संध्याकाळी आमचा म्युझिक फेस्टिवल आहे! सगळं कॉलेज आपल्या दारावरून जाणार. खुर्च्या भरलेल्या दिसल्या की पोरं आपोआप आत येतील. आपण आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून बसवू."

"अगं, आपल्या सगळ्या माणसांना आत्या ओळखते."

"आईकडच्यांना?"

हे खरं होतं. सुनंदाच्या माहेरच्यांना आत्याने पाहिलं होतं ते फक्त आमच्या लग्नात, त्याला आता वीस वर्षं झाली होती. तिचं माहेर मुंढव्याचं, आजोळही तिथलंच. तिच्या मामांच्या शेतात आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्यापासून मामांना वेळच वेळ होता. त्यांना निरोप गेला आणि शनिवारी दारात टेम्पो उभा राहिला. मामा फेट्यात, मामी ठेवणीतल्या नऊवारीत, मागे सगळं गोत. मी गिऱ्हाईक मागवलं होतं, आलं वऱ्हाड!

"मामा," मी दबक्या आवाजात समजावलं, "आज आपली ओळख नाही बरं का. तुम्ही गिऱ्हाईक, मी मालक. मला जावईबापू म्हणायचं नाही."

"कळलं की, जावईबापू!"

कॉलेजच्या मैदानावर ढोल, गिटार, काय काय सुरू झालं. पोरांचे लोंढे रस्त्यावरून जायला लागले. मी थालिपिठाच्या बश्या घेऊन पहिल्या टेबलाशी गेलो मात्र, मामा ताडकन उठले. मामा उठले म्हणून सगळेच उठले.

"अरारारा! जावयानं वाढायचं आन् आमी बसून खायाचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"

"मामा, तुम्ही गिऱ्हाईक आहात हो!"

"गिऱ्हाईक असू, पर सोयरं आधी. बसा!"

त्यांनी बश्या हिसकावल्या, मला खुर्चीत दाबून बसवलं आणि माझ्यापुढे ताट मांडलं. एकाने पाणी आणलं. दुसऱ्याने लोणी वाढलं. मामी तर घास करून भरवायलाच लागली. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा कपाळाला हात लावून उभी होती. माझे दोन्ही गाल भरलेले, आणि दारात आत्या!

"दिल्या, इथला मालक कोण?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"मग गिऱ्हाईक तुला का वाढतंय?"

मामांनी प्रसंगावधान राखलं. "आमी न्हाय वळखत यांना," ते ठासून म्हणाले. "कोन हायेत कोन जाणे!"

"जावईबापू, लोणी घ्या की वाईच," मामी म्हणाली.

आत्याने चष्मा नाकावर सारखा केला आणि ती एकेकाला न्याहाळू लागली. मला माझ्या छातीवर स्टीव्ह नावाचा बिल्ला दिसायला लागला. शेवटी ती मामांसमोर थांबली.

"थांबा. या मिशा मी पाहिल्यात. याच्या लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरत होतात ते तुम्हीच ना? मला वगळून पुढे गेलात!"

"वगळलं न्हाय बाई! जिलबी सपली व्हती!"

"संपली होती? मग माझ्या शेजारणीच्या पानात चार कशा पडल्या?"

"तिनं मागितल्या!"

"मी नवऱ्या मुलाची आत्या! मी मागू?"

वीस वर्षं पोटात ठेवलेली जिलबी बाहेर पडली म्हटल्यावर मी काय करणार? मी टेबलाखाली गेलो. होय, सांगायला लाज वाटत नाही, सरळ गेलो. वर मानपान, आहेर, हळदीची साडी, रुखवतातला लाडू असं एकेक निघत होतं आणि मला खाली फक्त पाय दिसत होते. आत्याच्या चपला, मामांचे करकरणारे जोडे, मामीची जोडवी. मग एकदम रंगीबेरंगी लेसचे बूट दिसले. मग आणखी बूट. मग सँडल. मग इतके पाय झाले की मला फरशी दिसेना!

"काय सीन आहे यार!"

"प्ले चालू आहे का रे?"

"भाई, बैठ बैठ, जगह है. मॅम, दोन मिसळ!"

"अरे, आजींचं बरोबर आहे! आजींना जिलबी मिळालीच पाहिजे!"

झालं! सगळं हॉटेल टाळ्यांच्या तालावर "जिलबी! जिलबी!" करायला लागलं. मैदानावर गाणं रंगात आलेलं सोडून पोरं इकडे दारात उभी. प्रज्ञा ऑर्डरी घेत पळत होती आणि सुनंदाचा तवा थंड व्हायचं नाव घेत नव्हता. मामांचा फेटा पडला, पण बाणा पडला नाही. ते तरातरा बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून जिलबीचा पुडा आणला आणि आत्याच्या बशीत स्वतःच्या हाताने जिलबी वाढली.

"घ्या बाई. राहिलेली."

आत्याने एक खाल्ली. दुसरी खाल्ली.

"पाकात कमी मुरलीये," ती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

"दिल्या, बाहेर ये." मी रांगत बाहेर आलो. आत्याने भरलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "गिऱ्हाईक दिसलं. आता मालक कधी दिसतोय त्याची वाट बघते." गाळा माझा झाला.

दुसऱ्या दिवशी मामांचं गोत मुंढव्याला परत गेलं आणि मी पुन्हा रिकाम्या खुर्च्यांपुढे फडकं घेऊन उभा. तेवढ्यात तीन-चार पोरं आली. "अंकल, आजींचा शो किती वाजता असतो?" काय करता! आत्याला फोन लावला. (सुनंदाने लावला.) तेव्हापासून आत्या संध्याकाळी येते, गल्ल्याशेजारी बसते आणि मला झापते. टेबल नीट पुसलं नाही इथपासून सुरुवात होते आणि सातवीत मी गणितात नापास झालो होतो तिथपर्यंत गाडी जाते. पोरं खुश, खुर्च्या भरलेल्या. प्रज्ञाने प्रोजेक्टात लिहिलं की, तरुण ग्राहकाला घरगुती वातावरण हवं असतं.

एकदा मात्र घात झाला. आत्या हसत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोराने नाव काढलं हो!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याची शाबासकी, जन्मात पहिल्यांदा! पण पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक टेबल उठलं. मग दुसरं. त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या मात्र, मी हातातला चहाचा ट्रे आत्याच्या पदरावर सोडून दिला.

"गाढवा! हात आहेत का खुंट्या?"

उठलेली दोन्ही टेबलं खाली बसली आणि त्यांनी आणखी एकेक मिसळ मागवली.

आता मला धास्ती एकच, आत्याचं मन कधी प्रसन्न होईल त्याचा नेम नाही! म्हणून रोज सकाळी शटर उघडताना मी सुनंदाला काळजीने विचारतो, "काय गं, आज कुठली चूक करायची ते ठरवून ठेवू या का?"

सुनंदा कणीक तिंबत असते. ती मान वर करत नाही.

"ठरवायचं काय त्यात? तुम्ही नेहमीसारखे वागा."