मामाच्या आवाजासाठी एक स्प्रिंग

आईचा धाकटा भाऊ भीमगीतांच्या पार्टीत कोरसला होता. पार्टीची एकच तबकडी निघाली. तिच्यात मामाचा आवाज आहे. तो तरुणपणीच गेला, तेव्हापासून आई ती तबकडी माझ्या वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनवर ऐकत आलेली. मागच्या वर्षी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चावी देत होते, आत कडाडकन आवाज झाला आणि चावी नुसतीच गरागरा फिरू लागली. स्प्रिंग तुटली होती.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने ग्रामोफोनची पेटी बघितली. "मॅडम, ही स्प्रिंग आता मिळत नाही. आत ब्लूटूथ बसवून देतो, भारी वाजेल."

"ब्लूटूथवर माझा मामा नाही," मी म्हणाले आणि पेटी उचलली.

मी शाळेत शिवण शिकवायचे, मशीन उघडायची भीती नव्हती. स्प्रिंगचा तुकडा पर्समध्ये टाकून भंगारबाजार पालथा घातला. घड्याळवाल्यांनाही दाखवला. घरचे कंटाळले. आई मात्र मी दारात आले की विचारायची, "गावली का?"

मग वळसंगला एका लग्नात स्टेजजवळ फोटोसाठी ठेवलेला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला. मी जेवण सोडून डेकोरेशनवाल्याला गाठलं.

"ताई, ह्यो वाजत न्हाय. लोकं नुसती चावी धरून फोटू काढत्यात."

"मग आतली स्प्रिंगची मोटर मला द्या. माझी यात बसवते. तिची चावी लई छान फिरते."

तो हसला. "आन् न्हाय बसली तर?"

"बसेपर्यंत उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच्या गोदामात पेचकस घेऊन बसले. आत ग्रीसचा दगड झाला होता, पण स्प्रिंग अखंड होती. माझी मोटर त्याच्या पेटीत सहज बसली. त्याची माझ्या पेटीत मात्र बसेना; घरी येऊन नवी भोकं पाडावी लागली.

तबकडी फिरली. कोरस सुरू झाला तसं मी आईकडे बघून म्हटलं, "हा बघ मामा!"

"त्यो न्हवं गं," आई म्हणाली. "त्येच्या मागं बारीक आवाज हाय की, त्यो."

इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला मामा समजत होते. कान लावून ऐकलं, पण तो बारीक आवाज मला नीट लागेना. सुई बसते त्या साउंडबॉक्समधलं रबर वाळून कडक झालंय, सगळं नाकातून आल्यासारखं वाजतं. करमाळ्यात एकाकडे जुनी पेटी आहे, तिचा साउंडबॉक्स अजून चांगला आहे म्हणे. रविवारी जाऊन बघणार आहे.