खंडेनवमी आणि रिकामी पेटी

मी मुळातच कुरकुऱ्या. आमच्या दादरच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून प्रत्येक टेबलावर पावशेर मिठाईच्या खोक्याएवढी चपटी पेटी आणून ठेवली, तेव्हा सगळ्यात मोठी बोंब मीच मारली. "थिन क्लायंट म्हणे! एवढ्याशा डबीत काय डोंबलाचं काम होणार?" ऑफिस म्हणजे अंध मुलांसाठी ब्रेलमध्ये पुस्तकं तयार करणारी छोटी संस्था. आम्ही पुस्तक टाइप करायचं, मग मशीन जाड कागदावर त्याचे ठिपके उठवतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई चार महिने बारावीच्या गणिताचं पुस्तक टाइप करत होत्या. माटुंग्याच्या कॉलेजातली एक मुलगी त्या पुस्तकासाठी थांबली होती. तुला गणित झेपायचं नाही, असं घरीदारी सगळे तिला सांगत होते, पण पोरगी हटेना. दिवाळीनंतर तिची परीक्षा. पुस्तक वेळेत गेलं नाही तर तिला विषय सोडावा लागणार होता.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. ती दरवर्षी मीच करतो, अगदी साग्रसंगीत. हळदकुंकू, झेंडू आणि वर पळीभर पाणी. जुन्या धुडांनी ते वर्षानुवर्षं निमूट सोसलं होतं. बाई टाइप करण्यात गुंग. म्हटलं, "दोन मिनिटं हात आवरा हो," आणि पळी सोडली ती नेमकी पेटीच्या जाळीवर. चर्र झालं, जळका वास आला आणि पडदा काळाठिक्कर.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी. "चार महिने हो! त्या पोरीला आता काय सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंकवाने माखलेली बोटं घेऊन मी तसाच उभा.

ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारी मुलगी धावत आली. तिने पेटीचा प्लग काढला आणि म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. बाई, तुम्ही काकांच्या खुर्चीत बसा. तुमचं नाव नि पासवर्ड टाका."

माझ्या टेबलावर, माझ्या पडद्यावर बाईंचं पुस्तक उघडलं. आणि पहिलं पान नव्हे हो! तेच अर्धवट राहिलेलं गणित, बरोबरच्या चिन्हापुढे कर्सर लुकलुकतोय. एक अक्षर सांडलं नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मग पेटीत काय होतं गं?"

"काहीच नाही, काका. पेटी फक्त दाखवते. काम सगळं तिकडे नवी मुंबईत, सर्व्हरवर चालतं. पेटी मेली तरी तिकडे तुमचं पान उघडंच."

बापरे! खाडीपलीकडच्या कुठल्याशा खोलीत बाईंचं गणित वाट बघत थांबलं होतं. मी हात जोडले. कुणाला, ते मलाही सांगता यायचं नाही.

दिवाळीच्या आत पुस्तक छापून झालं. माटुंग्याची ती मुलगी आईबरोबर न्यायला आली. बसासुद्धा म्हणू दिलं नाही, उभ्या उभ्याच तिने पहिला खंड उघडला. बोटं झरझर पुढे गेली आणि एकदम थांबली.

"बाई, तिसऱ्या उदाहरणात वजाचं चिन्ह राहिलंय. असं उत्तर येणारच नाही."

बाईंनी पडताळून पाहिलं. खरंच राहिलं होतं. त्यांनी तिला तिथेच मिठी मारली. स्वतःच्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.