घरचा कापूस, पांढरी साडी

त्या वर्षी भावच आला नाही, त्यामुळे वैशाख लागला तरी कापूस आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकलेला होता. त्या ढिगाला लागूनच सासूबाईंची खाट. छातीचं ऑपरेशन करून त्यांना यवतमाळहून घरी आणलं आणि जखमेचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. नर्सबाईंनी शिकवलं होतं, आधी दुखण्याची गोळी द्या, ती लागू झाली की उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पट्टी भिजवून सोडवा, ओढू नका.

गोळीला सासूबाईंचा ठाम नकार. "सवय लागते त्याची. दुखणं काय मले नवं हाय?" सोसण्याचा त्यांना भारी अभिमान. माझं डोकं फिरायचं.

एकदा पट्टी सोडवली आणि वासच आला. सासूबाईंनी ढिगातला कापूस पट्टीखाली कोंबला होता, कचऱ्यासकट. तंतू जखमेत रुतले होते.

"आत्याबाई, काहून केलं असं?"

"पौर्णिमेले विहारात जाचं हाय. पांढऱ्या साडीवर डाग पडला त? आन् याले बजारात कोणी पुसत नाही, माह्या तरी कामी येऊ दे."

हसू आलं, संतापही. "याच्यावर किती फवारे मारले, इसरल्या का? गोळी घ्या, नाहीतर मी हात लावत नाही."

त्यांनी गोळी घेतली. मी चिमट्यानं तंतू काढले, मग त्यांना दवाखान्यात नेलं. औषध बदललं, जखम सुधारू लागली, वास गेला. शेजारणींच्या नाकातून मात्र गेला नाही. एक जण येऊन सांगून गेली, "यंदा घरूनच वंदना करा. तरास कायले घेता?" तरास कोणाला होणार होता, ते आम्हाला कळलं. मी पेटलेच.

पौर्णिमेला निघताना सासूबाईंनी गोळीसाठी आपणहून हात पुढे केला. विहारात आम्ही थेट पहिल्या रांगेत बसलो. शेजारच्या दोघी सरकल्या.

"बरं झालं," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाय पसराले जागा झाली."

वंदना सुरू झाली आणि त्यांच्या ब्लाउजवर पिवळसर डाग उमटला. "पदर घ्या," मी कानात म्हटलं. त्यांनी उलट पदर मागे सारला.

"राहू दे. पाह्यल्याशिवाय लोकाइले कसं समजन, मी जित्ती हाव म्हणून?"

आणि पुढची ओळ त्यांनी अशी खणखणीत म्हटली, की सरकलेल्या दोघींनाही ती त्यांच्यामागून म्हणावी लागली.